रोज रात्री त्याच राक्षसाच्या हातून मरायचं कशाला?

पत्र

ताई, नमस्कार. वय 36, परभणीत माझं कृषी सेवा केंद्र आहे. भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंग करायलाय. त्यानं नवीन मशीन घेतलं आणि जुना प्लेस्टेशन 4 मला दिला, सोबत 'एल्डन रिंग'. दुकान बंद करून जेवण झालं की खेळायलो. पहिले काही दिवस लई भारी गेले. आता किल्ल्याच्या दारात मार्गिट नावाचा एक राक्षस उभा आहे, त्याच्यापुढं अडकलोय. किती वेळा मेलो ते मोजणं सोडून दिलं. परवा रागात कंट्रोलर भिंतीवर हाणला, तवापासून माझा गडी आपोआप डावीकडं चालायलाय. बायको म्हणते, "दिवसभर दुकानात बेजार, रात्री घरात बेजार. मग झोपणार कधी?" भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मामा, कुणाला मदतीला बोलावू नका. मदत घेऊन जिंकणं म्हणजे जिंकणं नव्हं." मोबाईलवर गोळ्या फोडायचा गेम आहे, तिथंबी अडकलोय, तिथं तर पैसेच मागतात. सात वर्षांचं पोरगं शेजारी बसून बघतं आणि मी मेलो की टाळ्या वाजवतं. हे खेळ मजेसाठी काढलेत का छळासाठी? सोडून देऊ का?

— बेजार, परभणी

उत्तर

बेजार भाऊ,

आधी कंट्रोलरचं बोलू, बाकीचं नंतर. ज्याचा गडी आपोआप डावीकडं चालतो त्यानं मार्गिटच्या वाटेला जाऊच नये. आपटल्यामुळं डाव्या स्टिकच्या आतला भाग बिघडतो, मग तुम्ही अंगठा उचलला तरी मशीनला वाटतं की तुम्ही ढकलताय. मोबाईल दुरुस्तीवाल्यांपैकी काही जण हे काम करतात, स्टिक बदलून घ्या. तोवर खेळलात तर प्रत्येक मरणाचं खापर स्टिकवर फोडाल, आणि ते खोटंही नसेल. मग तुमची चूक कुठली आणि स्टिकची कुठली हे कळायचा मार्गच उरत नाही.

त्याच हातानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. टीव्ही चित्र सुंदर दाखवायच्या नादात ते आधी घोटतो, मग पडद्यावर टाकतो. त्यात सेकंदाचा दहावा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. एरवी सिरीयल बघताना कुणाला पत्ता लागत नाही. पण डोळ्यांनी वार बघून बोटानं बटण दाबायला धडधाकट माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, त्यात टीव्हीची ही उधारी वाढली की तुम्ही कायम उशिरा. गेम मोड चालू करून दोन दिवस खेळा आणि मग मला सांगा की हात मंद होता का टीव्ही.

तिसरी गोष्ट विचारते, रागावू नका. अंगावर किती लोखंड चढवलंय? नवीन माणूस सापडेल ते सगळ्यात जाड चिलखत घालतो, म्हणतो मार कमी बसेल. एल्डन रिंगमध्ये वजनाला हिशोब आहे. उचलायच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांवर गेलात की गडी वार चुकवायला लोळण घेताना पोतं पडल्यासारखा पडतो आणि उठायला वेळ लावतो. सामानाच्या पानावर ते लिहून येतं, बघा. पायातलं किंवा छातीवरचं काढून 70 च्या खाली या. मार थोडा जास्त बसेल, पण बसणारे मार कमी होतील.

एवढं झालं की तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येता येईल. मजा का छळ, हे मी एका गोष्टीवरून ठरवते: मेल्यावर "का मेलो" याचं उत्तर देता येतं का. मार्गिटचंच घ्या. तो काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपल्याला वाटतं आली, आपण घाबरून लोळतो, लोळून उठतो, आणि तेव्हा काठी येते. लांब पळून औषधाची बाटली तोंडाला लावली की चाकू फेकतो. पहिल्या रात्री हे सगळं अन्याय वाटतं. तुमच्या किती रात्री गेल्या मला माहीत नाही, पण मी पैजेवर सांगते की आता तुम्हाला त्याची काठी वर गेलेली बघून "थांब, अजून नाही" असं मनात येत असेल. हात ऐकत नसेल, पण डोक्याला कळलंय. ते कळणं म्हणजेच हा खेळ. बॉस, म्हणजे मार्गिटसारखा वाट अडवणारा मोठा राक्षस, पडल्यावर जो आनंद होतो त्याचं भांडवल आधीच्या मरणांमध्ये जमा होत असतं, म्हणून पहिल्याच फटक्यात पडलेला राक्षस दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही.

देवगिरीच्या किल्ल्यावर गेला असाल. खंदक ओलांडला की अंधारी लागते, काळाकुट्ट वाकडातिकडा बोगदा, पायऱ्या एकीसारखी एक नाही. ज्यानं ती खोदवली त्याची एकच इच्छा होती, आत आलेला शत्रू वर पोचू नये. चांगला अवघड गेमसुद्धा अंधारीच बांधतो, पण बांधणाऱ्याची इच्छा उलटी असते. तुम्ही वर पोचावं म्हणूनच तो वळणावळणावर काहीतरी ठेवून जातो. काठी वर धरून ठेवायची ती मार्गिटची सवय मुद्दाम ठेवलेली आहे, आणि ती प्रत्येक वेळी तशीच दिसते, म्हणूनच शिकता येते. वाईट अवघड गेममध्ये तसं काही नसतं. कॅमेरा भिंतीत घुसतो, पडद्याबाहेरून बाण येतो, उडी मारायच्या फळीला टेकायची जागा नसते. तिथं मेल्यावर काही कळत नाही, नुसता वेळ जातो. तसा गेम सोडताना मी मागं वळूनही बघत नाही.

मेल्यावर परत उभं राहायला काय मोल पडतं, हेही बघायला हवं. 2018 चा 'सेलेस्ट' नावाचा एक गेम आहे, एक मुलगी डोंगर चढते. त्यात माणूस शेकड्यांनी मरतो, पण मेल्याच्या पुढच्या क्षणी त्याच पडद्यावर परत उभा. राग यायलाच सवड मिळत नाही. उलट 2011 च्या 'डार्क सोल्स'मध्ये बॉसपर्यंत परत चालत जायचं, वाटेतल्या सगळ्यांना चुकवत. गेल्या वर्षी-दोन वर्षांत ज्याचा बोलबाला झाला तो 'सिल्कसाँग' 2025 च्या सप्टेंबरमध्ये आला, आणि पहिली बोंब उठली ती याच पायपिटीची आणि एका फटक्यात दोन फटक्यांएवढा जीव कमी होण्याची. बनवणाऱ्यांनी लवकरच सुरुवातीचे एक-दोन बॉस थोडे सौम्यही केले. माझं स्पष्ट मत आहे की बॉस हवा तेवढा अवघड ठेवा, पण त्याच्याकडं परत चालायला लावू नका. त्या चालण्यात शिकण्यासारखं दुसऱ्या वेळी काही उरत नाही. तुमचं नशीब इथं बरं आहे. मार्गिटच्या अगदी अलीकडं बोगद्यात ग्रेस, म्हणजे मेल्यावर परत उभं राहायची जागा, आहे, मेलात की तिथून लगेच हजर. आणि जमवलेल्या रून्स, म्हणजे मेल्यावर हातातून सांडणारे गेममधले पैसे, घेऊन आत जाऊ नका, आधी लेव्हल वाढवून खर्चून टाका. खिसा रिकामा असला की मरणाची भीती निम्मी होते.

आता भाचा. गुणी पोरगा दिसतो, मशीन दिलं, पण त्याचं एक वाक्य मला पटलेलं नाही. मदत घेऊन जिंकणं म्हणजे जिंकणं नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं? ज्या हिदेताका मियाझाकी यांनी हा गेम घडवला त्यांनी 2024 मध्ये एका मुलाखतीत मोकळेपणानं सांगितलंय की त्यांना स्वतःला गेम फारसे जमत नाहीत, आणि एल्डन रिंग खेळताना हाताशी असलेली प्रत्येक मदत ते घेतात. बनवणारा घेतो तर परभणीच्या मामांनी का घेऊ नये?

मदत कुठं आहे तेही लिहिते, कारण भाच्यानं मुद्दाम सांगितलं नसेल असा मला संशय आहे. घोडा मिळाल्यावर सुरुवातीच्या पडक्या चर्चमध्ये परत जा, तिथं रात्री रेन्ना नावाची बाई बसलेली भेटते. ती एक घंटा देते आणि लांडग्यांची राख देते. मार्गिटसमोर घंटा वाजवली की तीन लांडगे त्याच्या अंगावर. त्याच्या दाराशी जमिनीवर सोनेरी खूण असते, ती दाबली की रोजियर नावाचा जादूगार सोबत येतो. त्याला इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा एक भामटा आहे. तो शरण आला तेव्हा तुम्ही त्याला मारून टाकलं नसेल तर तो 5000 रून्सना एक बेडी विकतो, तिनं मार्गिट लढाईच्या पहिल्या टप्प्यात जागीच खिळतो. हे सगळं गेममध्ये आहे, बाहेरून कुणी घुसवलेलं नाही. कुणी एकट्यानं, अंगावर कपडे नसताना, एक फटका न खाता मार्गिटला मारतं, त्याला आपण टाळ्या वाजवू. पण तो त्याचा छंद आहे, तुमच्यावर त्याची सक्ती नाही.

अन् खरं सांगू का, अवघड गेमसुद्धा बऱ्याचदा गुपचूप मदत करतात. मघाशी म्हटलेल्या सेलेस्टमध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. खेळणाऱ्याला वाटतं आपण अगदी टोकावरून उडी मारली, वास्तवात तो हवेत असतो. बनवणाऱ्यांनीच हे उघड सांगितलंय. वर त्यात मदतीचा पर्याय आहे, वेग कमी करा, हवं तर मरणच बंद करा, आणि त्याबद्दल गेम तुम्हाला नावं ठेवत नाही. 2020 च्या 'हेडीज'ची युक्ती मला फार आवडते. त्यात 'गॉड मोड' चालू केला की मार 20 टक्के कमी बसतो, आणि पुढं प्रत्येक मरणागणिक आणखी 2 टक्के कमी. जेवढे हराल तेवढा गेम सरकून जागा देतो. भाच्याला सांगा, त्याच्या आवडत्या गेमातही असलं काहीतरी दडलेलं निघेल.

पण मला वाटतं तुमची सगळ्यात मोठी अडचण मदत न घेणं ही नाही. तुम्ही दार सोडत नाही, ही आहे. एल्डन रिंग हा मोकळ्या रानाचा गेम आहे. मार्गिटला तिथं दारात बसवलाय तो आल्या-आल्या तुम्हाला आपटायला आणि दुसरीकडं पाठवायला. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे, तिकडं जा. घोड्यावर फिरा, खाणीतून दगड आणून तलवार पाजळून घ्या, बाटल्या वाढवा, लेव्हल वाढवताना जीवाकडं, म्हणजे व्हिगरकडं, जास्त लक्ष द्या. आठवड्यानं परत या. हवं तर त्या किल्ल्याला वळसा घालून पुढच्या मुलखात जायचीही वाट आहे, मार्गिट बसेल दारात एकटाच. 2019 च्या 'सेकिरो'मध्ये ही सोय जवळजवळ नाही. तिथं मोठ्या बॉसपुढं वळसा नाही, सोबती नाही, तलवारीवर तलवार वाजवायला शिकणं एवढंच. तो मी अर्ध्यात सोडला, मस्त गेम आहे, माझ्यासाठी नाही.

मोबाईलच्या गोळ्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पुढची गोळी कुठल्या रंगाची पडणार हे नशिबावर, त्यामुळं हरल्यावर "का हरलो" याला उत्तर नाही. जीव संपले की वाट बघा नाहीतर पैसे द्या. तिथली अवघड लेव्हल म्हणजे दुकानाची पायरी आहे, तुम्ही स्वतः दुकानदार आहात, तुम्हाला काय समजवायचं. पूर्वी एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणं टाकायचे गेम होते, तेही याच कारणासाठी पटकन मारायचे, पण निदान नाणं गेल्याचं हातातून दिसायचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली. गोळ्यांचा गेम त्यात बसत नाही, कारण तिथं पैसे जिंकायचे नसतात, नुसते जायचे असतात. काढून टाका तो.

आणि आता ती भिंत. तुम्ही लिहिलं नाही, पण कृषी सेवा केंद्रवाल्याचे जून-जुलै कसे जातात ते या भागात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे दरवर्षी सांगितलं जातं. शेतकरी थांबतो, तेवढा पाऊस होतो, मग पेरतो, आणि मग पाऊस तीन आठवडे तोंड फिरवतो. सोयाबीन उगवत नाही आणि माणूस रिकामी पिशवी घेऊन तुमच्या काउंटरवर उभा राहतो. बियाणं खराब होतं का पाऊस, का पेरलं खोल गेलं, तुम्हालाही ठाम सांगता येत नाही. उधारी लांबते. सगळं बरोबर केलेला माणूस हरतो, आणि का हरला याचं उत्तर कुणाकडं नसतं. असा दिवस काढून तुम्ही रात्री दहाला कंट्रोलर हातात घेता, तेव्हा तुम्हाला शिकायचं नसतं, एकदाचं जिंकायचं असतं. मार्गिट त्या वेळी भेटायच्या लायकीचा नाही. म्हणून कंट्रोलर भिंतीवर गेला, असं मला वाटतं. त्या फटक्यात मार्गिटचा वाटा थोडा होता.

पण ह्याच कारणासाठी हा गेम सोडा असं मी म्हणणार नाही. दिवसभर उत्तर नसलेल्या हरण्यात वावरणाऱ्या माणसाला उत्तर असलेलं हरणं मिळणं ही चैन आहे. फक्त वाईट दिवशी बॉसकडं जाऊ नका. घोड्यावर बसा, फुलं तोडा, गुहा हुडका, त्यात मरण कमी आणि सापडणं जास्त. बॉस ठेवा रविवारसाठी किंवा दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी. त्याच बॉसपुढं पाच-सहा मरणं झाली आणि शेवटची दोन पहिल्यांपेक्षा लवकर आली, तर समजा हात थकला. बंद करून झोपा. हाताच्या सवयी झोपेत पक्क्या होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे, सकाळी काहीच न करता माणूस रात्रीपेक्षा बरा खेळतो. तुमच्या बायकोचा प्रश्न एरवीही योग्य आहे, पण गेमच्या दृष्टीनंही तीच बरोबर आहे.

तिचा आणखी एक राग कुठून येत असेल तेही सांगते. एल्डन रिंग सहज थांबवता येत नाही. मेनू उघडला तरी राक्षस चालतच राहतो. तिनं हाक मारली की तुम्ही मान वळवता, मान वळवली की मरता, आणि मेलात की हाकेवर खेकसता. ती बिचारी पाणी हवं का एवढंच विचारत होती. आत जायच्या आधी सांगून जा की दहा मिनिटं हाक मारू नको, आणि दहा मिनिटांनी खरंच बाहेर या. ताट वाढायच्या वेळी तर बॉसकडं नेणाऱ्या त्या धुक्याच्या दारात पाऊलच टाकू नका. बॉसच्या मध्येच सोडून उठलात तर ती लढाई पुन्हा पहिल्यापासून लढावी लागते. लाईट गेली तरी तेच होतं, म्हणून पावसाळी रात्री मशीन इन्व्हर्टरवर असू द्या.

सोडून देऊ का, असं विचारलंत. रान फिरून, तलवार पाजळून, लांडगे आणि रोजियर घेऊन परत मार्गिटपुढं उभे राहा. तेव्हाही मेल्यावर "का" सुचत नसेल, किंवा सुचूनही त्याचं काही वाटत नसेल, तर खुशाल सोडा. मशीन फुकट मिळालंय, गेमही फुकट मिळालाय, वसूल करायचं असं काही नाही.

राहिलं पोरगं. बाप मेल्यावर टाळ्या वाजवतं यात मला काळजीचं काही दिसत नाही, उलट हरणं म्हणजे आभाळ कोसळणं नव्हे हे त्याला तुमच्या आधी कळलंय. भिंतीवर कंट्रोलर आपटताना त्यानं बघितलं असेल तर ती गोष्ट मात्र त्याच्याशी बोला, एवढ्या-तेवढ्या वाक्यात. एल्डन रिंग त्याच्या वयाचा नाही, युरोपात तो 16 वर्षांवरच्यांसाठी आहे, त्याला बघायलाही रात्रीचं बसवू नका. प्लेस्टेशन 4 वर 'रेमन लेजंड्स' मिळतो, एकाच टीव्हीपुढं बसून सोबत खेळायचा. त्यात एकजण मेला की फुगा होऊन तरंगतो आणि दुसऱ्यानं टिचकी मारली की परत जिवंत. दुसरा कंट्रोलर लागेल. भाच्याकडं जुना पडून असेलच, त्याला म्हणावं आता मदत पाठव.